नोंदवह्या पुष्कळ झाल्या, आता उपकेंद्राला औषध आणि लेखी अधिकार द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ग्रामीण भागात डॉक्टरांची पदे रिकामी असल्याच्या बातम्या वर्षातून दोन-चार वेळा तरी छापून येतात आणि त्यावर ‘पदे भरा’ अशी मागणी होते. ती रास्तच आहे. पण सगळी पदे उद्या भरली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातला, म्हणजे पीएचसीतला डॉक्टर ३०,००० लोकसंख्येसाठी असतो, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० साठी. माणसाच्या घराजवळ असते ते उपकेंद्र. ५,००० लोकांमागे एक, डोंगराळ भागात ३,००० मागे एक. राज्यात अशी उपकेंद्रे दहा हजारांहून अधिक आहेत. तिथे आरोग्यसेविका म्हणजे गावाच्या भाषेत सिस्टर असते, आरोग्यसेवक असतो आणि अलीकडे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ असतो. त्यांच्याही पुढे, हजार लोकांमागे एक आशाताई.

ही सगळी माणसे शिकवून तयार केलेली आहेत. सीएचओ तर आयुर्वेद, युनानी किंवा नर्सिंगची पदवी घेऊन वर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून आलेले. तरीही समोर बसलेल्या रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर नेमके काय द्यायचे, किती द्यायचे आणि कुठे थांबायचे, हे बहुतेक उपकेंद्रांत स्पष्ट लिहिलेले नसते. मग बीपी मोजायचे, आकडा पोर्टलवर भरायचा आणि ‘पीएचसीला जाऊन या’ म्हणायचे, एवढेच हातात उरते. पीएचसी बारा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा आणि रोज बुडतो तो वेगळाच. रुग्ण जात नाही. आमचे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे: ठरावीक आजारांसाठी या माणसांना लेखी अधिकार आणि त्या अधिकाराला पुरेल इतके औषध द्या.

अधिकार म्हणजे अर्धा डॉक्टर तयार करणे नव्हे. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा एक कागद, ज्याला दवाखान्यात ‘स्टँडिंग ऑर्डर’ म्हणतात. काय पाहायचे, कोणत्या आकड्याला कोणते औषध किती द्यायचे, कधी फोन करायचा आणि कधी काही न देता थेट गाडीत घालायचे, हे त्यावर असते. बाळंतपणात झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा द्यायला आरोग्यसेविकेला परवानगी आहेच: ५० टक्के द्रावणाचे १० मिलिलिटर एका नितंबात आणि १० दुसऱ्यात, खोल स्नायूत, मग रवानगी. २०१४ पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जंतुसंसर्गाची लक्षणे असतील आणि घरचे मोठ्या दवाखान्यात न्यायला कबूल नसतील किंवा नेणे शक्यच नसेल, तर आरोग्यसेविकेला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन आणि तोंडावाटे अमॉक्सिसिलिन सात दिवस देता येते.

ही दुसरी परवानगी मुळात महाराष्ट्राने शिकवलेल्या गोष्टीवर उभी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे आणि गरज पडली तर जेंटामायसिन टोचणे शिकवले. त्या गावांतले नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे आशाताईंच्या घरभेटी त्यावर बेतल्या गेल्या: दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच वेगळ्या वाटेने करून दाखवले. तेव्हा ‘यांना जमेल का’ हा प्रश्न आपल्या राज्यात पुन्हा पहिल्यापासून विचारायचे कारण नाही.

आता बीपीकडे येतो, कारण उपकेंद्राचे सर्वांत मोठे काम इथून पुढे तेच असणार आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा वर्षांवरील २१.३ टक्के महिला आणि २४ टक्के पुरुषांचे बीपी वाढलेले किंवा ते त्यावर गोळी घेणारे आढळले. हा आकडा ५,००० वस्तीच्या उपकेंद्राला लावून पाहा. पंधरावरचे लोक साधारण ३,७००, त्यात बीपीचे रुग्ण आठशेच्या आसपास. त्यातले निम्मे जरी नियमित गोळीवर आणायचे म्हटले तरी ४०० माणसे. प्रत्येकाला महिन्यातून एकदा बघायचे, कामाचे दिवस २५, म्हणजे रोज १६. नीट मोजून, चार शब्द बोलून, गोळी देऊन दहा मिनिटे धरली तर दोन तास चाळीस मिनिटे. गोळ्यांचा हिशेब असा: प्रत्येकी रोज एक म्हटले तर महिन्याला १२,०००. एक तृतीयांश लोकांना दुसरी गोळी लागली तर १६,०००. शिवाय एका महिन्याचा साठा शिलकीत हवा. उपकेंद्राला महिन्याकाठी अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचे दोन-तीन डबे पाठवून ‘उपचार सुरू आहेत’ असे अहवालात लिहिता येते, पण बीपी काबूत येत नाही. ज्याला योजना करायची आहे त्याने आधी हे गणित करावे.

मोजण्यातच अर्ध्या चुका होतात. बाई पाड्यावरून चालत आलेली असते, येताना मशेरी लावलेली असते, लघवीला जायचे राहिलेले असते. सिस्टर तिला स्टुलावर बसवते, जाड बाहीवरूनच पट्टा गुंडाळते आणि मशीन चालू असतानाच मुलाच्या लसीचे विचारते. १५२ येतो. ती बाई कदाचित १३६ ची असेल. रीत सोपी आहे, पण ती पाळायला पाठ असलेली खुर्ची लागते. पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी, विडी नाही. मोजताना कोणी बोलायचे नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि दोन्ही आकडे लिहायचे. पट्ट्याच्या आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराचा ८० टक्के भाग तरी वेढेल अशी हवी. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा वर जातो आणि निरोगी माणूस गोळीवर लागतो. म्हणून प्रत्येक उपकेंद्रात मोठा पट्टा वेगळा द्यायला हवा. तो मशीनच्या खोक्यात फुकट येत नाही, मागणीपत्रात स्वतंत्र लिहावा लागतो. आणि दंडाचेच मशीन घ्यावे, मनगटाचे नको.

नोंदवहीत ओळीने १२०/८०, १३०/८०, १४०/९० असे गोल आकडे दिसले तर तपासणाऱ्याने तिथेच थांबावे. खरे मोजले की १३७/८४, १४६/९२ असे वेडेवाकडे आकडे येतात. मशीनचे सेल संपले आणि नवे आले नाहीत, की गोल आकड्यांचा पाऊस सुरू होतो. दोष लिहिणाऱ्याच्या माथी मारून उपयोग नाही. त्या उपकेंद्राला सेलसाठी रोख खर्चाची सोय आहे का आणि मशीनला अॅडॅप्टर दिला आहे का, ते आधी बघावे.

उपचाराचा क्रम ठरलेला असला की काम हलके होते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात पहिल्यापासून होते. राज्यभर एकच पायरी-पायरीची यादी, मोजकी औषधे, घराजवळ गोळी आणि डॉक्टरने सुरू केलेले उपचार पुढे सिस्टरने चालवणे, असे त्याचे सूत्र होते. सर्वसाधारण पायऱ्या अशा असतात: १४०/९० च्या वर दोन वेगळ्या दिवशी भरले तर अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. महिन्याने आले नाही काबूत, तर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची जोड. मग मात्रा वाढवणे आणि शेवटी क्लोरथॅलिडोन. पहिली गोळी डॉक्टरने लिहावी. दुसऱ्या पायरीवर चढवण्याचा अधिकार सीएचओला लेखी असावा, पाहिजे तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरशी बोलून. आज बहुतेक ठिकाणी दुसरी पायरी चढली जात नाही. बाई वर्षभर अॅम्लोडिपिन ५ घेत राहते, बीपी वर्षभर १५८ राहते आणि कार्डावर ‘उपचार सुरू’ असेच दिसत राहते.

अधिकाराबरोबर शिकवायच्या गोष्टी आहेत आणि त्या प्रशिक्षणाच्या स्लाइडपेक्षा उपकेंद्राच्या भिंतीवर जास्त उपयोगी पडतील. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, म्हणून पाळीच्या वयातल्या प्रत्येक बाईला शेवटची पाळी विचारल्याशिवाय ती गोळी देऊ नये. अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, विशेषतः १० मिलिग्रॅमला. रुग्णाला वाटते किडनी गेली आणि तो गोळी बंद करतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवावे. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी बीपी चढवते. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मिठाचे सांगताना ‘मीठ कमी खा’ एवढ्याने भागत नाही. लोणचे, पापड, ठेचा, सुके बोंबील, खारवलेली मासळी अशी नावे घ्यावी लागतात. आणि एक साधी गोष्ट: टेल्मिसार्टनला ओल सोसत नाही. पट्टी फोडून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देण्याची आपली जुनी सवय कोकणातल्या पावसात ते औषध खराब करते. गोळी पट्टीतच द्यावी.

दहा दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा बोलावणे बंद व्हायला हवे. किमान ३० दिवसांच्या द्याव्यात. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना निघताना तीन महिन्यांचा साठा आणि हातात कार्ड दिले तरच फडावर उपचार टिकतो. टोळी निघायची तारीख आशाताईला आठवडाभर आधी ठाऊक असते. ती माहिती औषधसाठ्याच्या मागणीत धरली जात नाही.

रुग्ण गळाले कसे ओळखायचे? पोर्टलवर अहवाल निघतो खरा, पण नेटवर्क नसलेल्या उपकेंद्रात तो निघेपर्यंत महिना उलटतो. याला बारा खणांचा एक लाकडी किंवा पुठ्ठ्याचा डबा पुरतो. रुग्ण येऊन गेला की त्याचे कार्ड पुढच्या महिन्याच्या खणात टाकायचे. महिना संपला की त्या महिन्याच्या खणात जी कार्डे उरली ती न आलेल्यांची. तीच यादी आशाताईला द्यायची. वीज लागत नाही, ओटीपी लागत नाही. संगणकीय नोंद हवीच, पण ती या डब्याच्या मागून यावी.

लगेच पाठवायचे रुग्ण मात्र ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत: १८०/११० च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, दम, एका अंगात लुळेपणा, बोबडी वळणे किंवा अंधारी. गरोदर बाई १४०/९० ला. यांच्यासाठी पायऱ्या नाहीत, गाडी आहे.

दुसरे काम वर्षातले काही महिनेच येते, पण तिथे मिनिटे मोजावी लागतात. विंचू आणि साप.

कोकणातल्या लाल विंचवाचे विष हृदयावर काम करते. डंखाची जागा फारशी सुजत नाही. पण अंगाला दरदरून घाम, हातपाय थंडगार, उलट्या आणि काही तासांत फुप्फुसात पाणी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन ही साधी, तोंडावाटे घ्यायची गोळी वापरली. त्याआधी गंभीर अवस्थेत आलेल्या शंभर रुग्णांतले पंचवीस-तीस दगावत, नंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. जगभरच्या वैद्यकाने हे मान्य केले. तरी लाल विंचवाच्या टापूतल्या सगळ्या उपकेंद्रांच्या कपाटात ती गोळी नेहमी असते असे नाही आणि असलीच तर ‘डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय देऊ नये’ म्हणून पडून राहते.

मुलांसाठी मात्रा आहे किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. व्यवहारात मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचे अर्धे, लहान मुलाला पाव. दर तीन तासांनी, हातपाय उबदार होईपर्यंत. इथे दोन चुका होतात. पहिली खरेदीत. बाजारात हीच गोळी सावकाश विरघळणाऱ्या रूपातही मिळते, २.५ आणि ५ मिलिग्रॅमची. ती अर्धी करता येत नाही, केली तर मात्रा बिघडते. मागणीपत्रात ‘प्राझोसिन’ एवढेच लिहिले की कधी हीच येते. ‘साधी गोळी, १ मिलिग्रॅम’ असे पूर्ण लिहावे. दुसरी चूक दिल्यानंतरची. पहिल्या मात्रेनंतर बीपी एकदम उतरू शकते. रुग्णाला आडवाच ठेवावा, लघवीलाही उभा करू नये. मुलाला आई खांद्यावर उभे धरून थोपटते, तेही नको. उलटी थांबली असेल तर तोंडाने पाणी, ओआरएस द्यावे, कारण घाम आणि उलटीने अंगातले पाणी गेलेले असते. घाम नाही, हातपाय गरम आहेत, फक्त ठणका आहे, अशा रुग्णाला प्राझोसिनची गरज नाही. त्याला वेदनाशामक आणि काही तास नजरेखाली ठेवणे पुरते. हा फरक शिकवायला अर्धा दिवस लागतो. वाडीवरून तालुक्याला पोहोचायला लागणाऱ्या दोन-तीन तासांत ती अर्धी गोळी पोटात गेलेली असणे यावर पुष्कळ काही ठरते.

सापाच्या बाबतीत उलट आहे. तिथे उपकेंद्रात करायचे थोडे आणि न करायचे जास्त. प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचे उताऱ्याचे इंजेक्शन, उपकेंद्रात द्यायचे नाही, कारण ते टोचल्यावर तीव्र अॅलर्जी येऊ शकते आणि ती हाताळायची तयारी तिथे नसते. करायचे ते एवढे: अंगठी, बांगड्या, पैंजण काढणे. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू न देणे. करकचून दोरी बांधली असेल तर गाडीत सलाईनची सुई लावेपर्यंत आणि डॉक्टरशी बोलेपर्यंत ती एकदम न सोडणे. कागदावर चावल्याची वेळ आणि पहिले लक्षण दिसल्याची वेळ लिहिणे. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात. जमिनीवर झोपलेला माणूस पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटत असल्याची तक्रार घेऊन आला, तर त्याला पित्ताची गोळी देऊन परत पाठवू नये, हे वाक्य प्रत्येक उपकेंद्रात लिहिलेले हवे.

मण्यार किंवा नाग चावलेला रुग्ण वाटेत जातो तो बहुधा श्वास बंद पडल्याने. तिथे वाचवते ती तोंडावर मास्क लावून दाबायची फुगा-पिशवी, जिला सगळे अँबू बॅग म्हणतात. दर पाच-सहा सेकंदांना एक दाब, छाती उचललेली दिसेल इतकाच. जोरात आणि भराभर दाबले की हवा पोटात जाते आणि उलटी होते. एका हाताने मास्क घट्ट धरणे हे खरे कसब आहे, ते पुतळ्यावर शंभरदा केल्याशिवाय येत नाही आणि सहा महिने न केल्यास जाते. आणि गाडी सुटण्याआधी एक फोन: कुठल्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे? जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते असताना रुग्ण त्यापुढच्या जिल्हा रुग्णालयात नेणे म्हणजे हातचा तास घालवणे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे असे केंद्राच्या २०२४ च्या कृती आराखड्यात आहे. त्याचा पहिला टप्पा या फोनपाशी आहे.

नवजात बाळाबद्दल वर आलेच आहे. एकच भर: श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे चालत नाही, कारण बाळाचा श्वास थांबत-थांबत चालतो. साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा पूर्ण मिनिट. दुसऱ्यांदाही साठ किंवा जास्त, किंवा छाती आत ओढली जाते, दूध ओढत नाही, अंग ३५.५ अंशांच्या खाली गार, तर वाट पाहायची नाही. सेकंदकाट्याचे घड्याळ उपकेंद्रात असते, घरभेटीच्या पिशवीत ते नसते. मोबाइल वापरावा तर घरभेटीत नेमका फोन येतो.

आता १०८ च्या रुग्णवाहिकेकडे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक. आपल्याकडे गाडीत डॉक्टर असतो, इतर बहुतेक राज्यांत प्रशिक्षित तंत्रज्ञ गाडी सांभाळतो. डॉक्टर असणे चांगलेच. पण दुर्गम तळांवर डॉक्टर टिकत नाही आणि मग गाडी चालकावर सुटते. त्यासाठी आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांची वेगळी, शिकलेली फळी राज्यात हवी. संलग्न आरोग्य व्यवसायांचा २०२१ चा केंद्रीय कायदा या वर्गाला मान्यता देतो. आता त्यांनी नेमके काय करायचे हे राज्याने लिहून द्यायचे आहे.

दोन कॉलच्या मधल्या वेळाचाही विचार व्हावा. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात लाँग आणि ब्रायर ही दोन बेटे आहेत. मुख्य भूमीवरून लाँगला एक फेरी बोट, पुढे ब्रायरला दुसरी, आणि बेटावर राहणारा डॉक्टर नाही. तिथल्या रुग्णवाहिकेच्या तळावरच्या माणसांना बीपी मोजणे, जखमेचे ड्रेसिंग, रक्ताचे नमुने घेणे, म्हाताऱ्यांच्या घरभेटी हे काम शिकवून दिले गेले, दूरवरच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. आपल्याकडे हे जसेच्या तसे चालणार नाही. कॉलची संख्या पुष्कळ तळांवर मोठी आहे आणि घरभेटीत अडकलेली गाडी अपघाताला उशिरा पोहोचली तर ते अक्षम्य आहे. पण ज्या तळावर दिवसाला दोन-तीनच कॉल येतात तिथे, तळापासून पाच मिनिटांच्या अंतरात, लकवा किंवा हृदयविकारानंतर नुकतेच घरी आलेल्या रुग्णाकडे जाऊन गोळ्या घेतो का, पाठीला जखम पडली का, गिळताना ठसका लागतो का, हे पाहणे सहज जमेल. आधी दोन-तीन तळांवर करून पाहावे, गाडी पोहोचण्याचा वेळ आधीचा आणि नंतरचा शेजारी-शेजारी मांडावा आणि मग ठरवावे.

‘यातून बोगस डॉक्टर तयार होतील’ ही भीती वैद्यकीय संघटना मांडतात. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या कलम ३२ वरून, ज्यात मर्यादित परवान्याचा सामुदायिक आरोग्य सेवक मांडला होता, डॉक्टरांनी देशभर काम बंद ठेवले होते. भीती निराधार नाही. गावात सलाईन आणि स्टिरॉइड टोचून पैसे कमावणारे आहेतच. पण आम्ही मागतो आहोत ते वेगळे आहे: सरकारी उपकेंद्रात, सरकारी औषध, लिहिलेल्या यादीतले तेवढेच. त्याला कायद्याचा आधार आजही आहे. औषध नियमांच्या ‘के’ परिशिष्टात सरकारी आरोग्य कार्यक्रमांखाली बहुउद्देशीय सेवक आणि आरोग्यसेविकांनी दिलेल्या औषधांना विक्री परवान्यातून सूट आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत आरोग्य सेविकेने रुग्णाच्या वतीने डॉक्टरशी बोलणे ही मान्य पद्धत आहे. उलट आज कागद नसल्यामुळे सर्वांत असुरक्षित कोण असेल तर सिस्टर. तिने दिले आणि बिघडले तर ‘कोणाच्या आदेशाने दिले’ आणि न दिले व दगावला तर ‘का नाही दिले’.

देखरेख हवीच. वैद्यकीय अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा उपकेंद्रातली कोणतीही दहा कार्डे उचलून पाहावीत: दोन आकडे आहेत का, पायरी चढवायला हवी होती ती चढवली का, पाठवलेला रुग्ण पोहोचला का. चूक सापडली तर त्या महिन्याच्या बैठकीत, नाव न घेता, सगळ्यांसमोर मांडावी. नोटीस दिली की पुढच्या महिन्यापासून आकडे पुन्हा गोल होतात.

शेवटी मोबदला आणि वेळ. वर काढलेले दोन तास चाळीस मिनिटे आज कुठून येणार? आशाताई आणि सिस्टर एकच माहिती तीन-तीन ठिकाणी भरतात. सीएचओच्या मानधनाचा एक भाग कामगिरीवर आहे आणि कामगिरी म्हणजे भरलेली नोंद. मग नोंद भरली जाते. तो भाग ‘किती जणांचे बीपी १४०/९० च्या खाली आले’ याला जोडावा आणि आकडे खरे राहावेत म्हणून वरची दहा कार्डांची तपासणी. प्रत्येक नवे काम देताना एक जुनी नोंदवही लेखी आदेशाने बंद करावी. आशाताईवर मात्र गोळ्या वाटण्याचे नवे काम फुकट टाकू नये, न आलेल्याला घरून आणण्याचा मोबदला तिला वेगळा मिळावा.

हे सगळे एका आदेशात होणार नाही हे आम्ही जाणतो. पण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येणारा भाग मोठा आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मृगाच्या आत, म्हणजे जूनचा पहिला आठवडा संपण्याआधी, प्रत्येक उपकेंद्राला पुढील गोष्टी पोहोचवाव्यात, अशी आपल्या दैनिकाद्वारे विनंती: प्राझोसिनची साधी १ मिलिग्रॅम गोळी, किमान वीस. मोठ्यांची आणि लहानांची अशा दोन मापांची अँबू बॅग. बीपीचा मोठा पट्टा आणि सेल. तालुक्यात प्रतिसर्पविष कुठे आहे त्या दवाखान्याचा चालू असलेला फोन नंबर. आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा, मराठीत लिहिलेला, लॅमिनेट केलेला एक कागद.

आपले,
ग्रामीण आरोग्यसेवेतील काही कार्यकर्ते
जि. रायगड